पूजेआधीची बाटली

अन्वी, ओम,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, डॉक्टर आजोबांनी आमच्या आईची किडनी वाचवली होती, हे खरं का?" बैठकीत माणसं बसली होती, म्हणून मी "मग सांगते" म्हणून विषय बदलला. शोकसभेचा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यात एक गृहस्थ ते वाक्य बोलतात आणि सगळ्या माना डोलतात. माझी डोलत नाही, हे ओमने बरोबर हेरलं.

आता ते वाक्य दगडावर कोरायचं चाललंय. दवाखान्याच्या दाराशी फलक बसणार आहे आणि त्यावर 'पुतणीला जीवदान देणारे' असं काहीतरी येणार आहे. दगडावर गेलेलं नंतर खोडता येत नाही, म्हणून हे आजच लिहिते. मराठीत लिहिते, कारण जन्मभर इंग्रजी शिकवलं तरी तुमच्या डॉक्टर आजोबांशी मी भांडले ते मराठीतच. अडलं तर आईला विचारा. ते तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, माझे भावजी. एकाच घरात आमची हयात गेली. बोलायचं आहे ते त्यांच्याशीच. तुम्ही शेजारी बसून ऐका.

भावजी,

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं. कपाळावर विभूती, मान ताठ, डोळे अर्धवट मिटलेले. दवाखान्याच्या खुर्चीत बसायचात तसेच दिसत होता. समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी औषध लिहून टाकणारा माणूस शेवटीही कुणाचं ऐकत नव्हता.

शोकसभा छान झाली म्हणे सगळे. पेठेतले व्यापारी बोलले, जुने पेशंट बोलले, दुधनीहून आलेले पाहुणे अर्धं कानडीत अर्धं मराठीत बोलले. एकाने तुम्हाला नम्र म्हटलं, तेव्हा मला खोकला आला आणि कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. अशा सभेत खरं बोलायचं नसतं हे मलाही कळतं. पण माणूस गेला की त्याचा सगळा आडमुठेपणा 'शिस्त' होतो आणि सगळा अहंकार 'करारीपणा' होतो, हे मला कधी पटलं नाही. तुम्ही करारी नव्हता. तुम्ही हट्टी होता, आणि हट्टी डॉक्टर हे फार महागात पडणारं प्रकरण असतं.

आठवतं का तुम्हाला? आमची गिरिजा नववीत होती. उंच, काटकुळी, पायाला भिंगरी लागलेली. खो-खोच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती आणि प्रकृती ठीक असल्याचा दाखला हवा होता. घरातच डॉक्टर, म्हणून ती मैदानावरून तशीच, घामाघूम, खाली दवाखान्यात आली. तुम्ही लघवी घेतली, काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. वरचा भाग गढूळ झाला. ॲसिडचे थेंब टाकले तरी गढूळपणा गेला नाही. म्हणजे लघवीतून प्रोटीन जात होतं. इथपर्यंत तुमचं काही चुकलं नाही.

चुकलं ते त्यानंतर. रात्री सगळे जेवायला बसलेले असताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता तुम्ही जाहीर केलंत, "हिची किडनी गळते."

गिरिजा म्हणाली, "पण काका, मला काहीच होत नाही की."

"किडनी बोंबलत नसते. खेळणं बंद. मीठ बंद. गोळ्या मी देतो."

"शिबिर आहे हो पुढच्या महिन्यात."

"साकु."

'पुरे' म्हणायला तुमच्याकडे हा एक कानडी शब्द होता. ह्या घरातले सगळे वाद तुम्ही त्याच्यावर संपवलेत. तुमचे भाऊ ताटात बघत राहिले. "दादा डॉक्टर आहे," एवढंच त्यांचं म्हणणं, तेव्हाही आणि नंतरही.

मग सुरू झाले तुमचे सोमवार. दर सोमवारी गिरिजाने दवाखान्यात येऊन लघवी द्यायची. पण केव्हा? तुमची पूजा झाल्यावर. लिंगपूजा होईपर्यंत असली बाटली उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा ह्या घराचा नियम होता. दवाखाना घराच्याच तळमजल्यावर असल्यामुळे तो नियम पेशंटनाही लागू होता. तुम्ही पहाटे स्नान करून बसायचात. तळहातावर लिंग, समोर बिल्वपत्रं. तुमच्या श्रद्धेला मी कधी हसले नाही, आजही हसत नाही. पण ती पूजा आटपेपर्यंत उन्हं वर यायची. तोवर सोलापुरातली सगळी पोरं उठलेली, शाळेचं आवरून दोन जिने चढलेली-उतरलेली असायची. तुमच्या नळीत आयुष्यभर जी लघवी आली ती उभ्या, चालत्या, पळत्या पोरांची. झोपून उठलेल्या पोराची लघवी तुम्ही कधी पाहिलीच नव्हती. ती कधी पाहायची हे तुमच्या पूजेने ठरवलं आणि तुम्ही त्याला वैद्यकशास्त्र म्हणालात.

मिठाशिवायची भाकरी गिरिजाने खाल्ली. शेंगाचटणीची बरणी अक्कांनी, म्हणजे तुमच्या बायकोने, वरच्या फळीवर नेऊन ठेवली. सोलापूरच्या पोरीला शेंगाचटणी नाही! ती बिचारी चटणीच्या दुसऱ्या, रिकाम्या बरणीच्या झाकणाचा वास घ्यायची. त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिची भूक वाढली आणि तोंड गोल होत गेलं. इतकं गोल, की तिने आरशाकडे पाहणं सोडलं. वर्गातल्या मुली 'भोपळा' म्हणायच्या. आणि तुम्ही? येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची हनुवटी धरून दाखवायचात, "बघा, ही सूज. मी म्हणत नव्हतो, किडनी आहे म्हणून?"

ती सूज तुमच्या गोळ्यांची होती, भावजी. स्वतःच्या औषधाने आणलेली सूज स्वतःच्या निदानाला साक्षीदार म्हणून उभी करायची, याला फार मोठं डोकं लागतं.

दुधनीच्या पाहुण्यांसमोर तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरलेले नाही. "पुढे स्थळ बघताना पोरीच्या किडनीचं आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर बोल नको." नववीतली पोरगी दाराआड उभी होती. त्या दिवसापासून ती खिडकीत बसून राहायला लागली. समोरच्या मैदानात तिच्याच मैत्रिणी खो-खो खेळायच्या आणि ही खिडकीच्या गजांवर बोटं फिरवत राहायची.

मग तिचा पाय मुरगळला. जिन्यावरून घसरली आणि अंथरुणाला खिळली. सोमवार आला तरी तिला खाली उतरता येईना, म्हणून पूजा झाल्यावर तुम्हीच तिच्या अंथरुणापाशी आलात. लघवी नेलीत, तापवलीत, ती स्वच्छ निघाली. "गोळ्या लागू पडल्या," म्हणालात. पाय बरा झाला, ती चालायला लागली, पुढच्या तपासणीला पुन्हा गढूळ. "गोळ्या कमी पडतायत," म्हणालात आणि डोस वाढवलात. निवळ आली तर गोळ्यांमुळे, गढूळ आली तर आणखी गोळ्या. असं शास्त्र मला शाळेत शिकवायला मिळालं असतं तर एकही पोर नापास झालं नसतं.

मला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. पण घर नीट ठेवणाऱ्या बाईला एक सवय असते. काही बिघडलं की मधे काय बदललं ते ती आधी बघते. त्या काही दिवसांत बदललं होतं एवढंच, की पोरगी आडवी होती. मी खाली आले. तुम्ही बाकावरच्या पेशंटना नंबरने बोलवत होतात.

"भावजी, ती झोपून होती तेव्हा निवळ होती. उभी राहिली आणि गढूळ झाली. एकदा पहाटेची, अंथरुणातून उठल्या उठल्याची बघा ना."

"पहाटेची? म्हणजे पूजेच्या आधी?"

"हो."

"वर लिंगपूजा चाललेली आणि तू मुताची बाटली घेऊन जिना उतरणार?"

"जिन्यात ठेवते. पूजा झाली की घ्या."

"मास्तरीणबाई, तू पोरांचं ग्रामर तपास. लघवी मी तपासतो. साकु."

बाकावरचे पेशंट हसले. त्यांना हसायलाच हवं होतं, औषध तुमच्याकडून न्यायचं होतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून मी दोन टेस्टट्यूब आणि थोडं ॲसिड आणलं. कसं तापवायचं ते विचारून घेतलं. रविवारी रात्री गिरिजाला सांगितलं, झोपण्याआधी जाऊन ये आणि सकाळी मी हाक मारल्याशिवाय पाय जमिनीला लावू नको. पहाटे बाटली घेऊन तिच्या उशाशी गेले. शेजारच्या खोलीत तुमची घंटा वाजत होती.

"आई, हसू येतंय. होतच नाहीये."

"हसू नको. घंटा थांबायच्या आत कर."

त्यावर ती आणखीच हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. शेवटी काम झालं, आणि तुमच्या पूजेच्या मध्यावर, उंबऱ्याच्या चांगलं आत, ती बाटली माझ्या कपाटात जाऊन बसली. घर कोसळलं नाही. नंतर ती उठली, आवरलं, थोडी फिरली, आणि दवाखाना उघडायच्या वेळेला दुसरी बाटली भरली. स्वयंपाकघरात मी दोन्ही नळ्या गॅसवर धरल्या, तेवढ्यात अक्का आत आल्या.

"काय उकळतीस गं?"

"गिरूची लघवी."

"शिव शिव शिव! ह्या गॅसवर? अगं यवा, लई शिकून डोस्कं फिरलं की तुजं! नैवेद्य हुतो गं ह्यावर!"

"अक्का, एकदा इकडे बघा तर. ही दुधासारखी झाली, ही पाण्यासारखी राहिली."

"मला नको दावू! मी बघत न्हाय!" असं म्हणत त्यांनी पदराआडून दोन्ही नळ्या नीट बघून घेतल्या.

मी तशीच खाली आले. तुमच्यासमोर पेशंट बसला होता. नळ्या टेबलावर ठेवल्या. "ही झोपेतली. ही उभ्यातली. दोन्ही गिरिजाच्या, दोन्ही आजच्या."

तुम्ही त्या उचलल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. बराच वेळ धरल्या. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

"घरात उकळलंस?"

"हो."

"गॅसवर?"

"हो."

"तो गॅस आजच्या आज बदला."

दोन नळ्यांतून तुम्हाला दिसली ती शेगडी.

संध्याकाळी तुमच्या भावाने तुम्हाला न विचारता रिक्षा बोलावली. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं आणि बहुधा एकमेव बंड. आम्ही गिरिजाला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी पुन्हा पुन्हा पहाटेच्या लघव्या मागवल्या, रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, आणि मग सांगितलं, की वाढीच्या वयात काही मुलांचं असं होतं. उभं राहिलं की लघवीत प्रोटीन उतरतं, आडवं झालं की थांबतं. किडनी चांगली आहे. वर्षातून एकदा तपासा. गोळ्या एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. मीठ द्या. खेळू द्या. आणि त्यांनी विचारलं, "इतके महिने पहाटेची कुणीच कशी पाहिली नाही?" पूजेचं कसं सांगणार?

त्या रात्री तुम्ही पुन्हा भाकरी मोडता मोडता जाहीर केलंत, "माझ्या गोळ्यांनी फरक पडला. आता कमी करत आणू." अक्कांनी फळीवरून बरणी खाली काढली. गिरिजाने भाकरीवर एवढी चटणी घेतली की डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने की कशाने कोण जाणे. शिबिर तोवर होऊन गेलं होतं. संघात तिची जागा दुसरीला मिळाली होती. ती जागा काही परत आली नाही.

पण गोष्ट मात्र तुम्ही तयार केलीत. 'पुतणीची किडनी मी वाचवली.' बारशाला, मुंजीला, वास्तुशांतीला. गिरिजाच्या लग्नात तर जावयाचा हात हातात घेऊन सांगितलीत. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भावजी, नळ्या कुणी उकळल्या तेही सांगा की."

"सांगतो ना. आणि गॅस कुणी बदलून दिला, तेही सांगतो."

मांडव हसला. तुम्हाला हे फार छान यायचं.

किडनीला वाचवायचं काही नव्हतंच, भावजी. ती बिघडली नव्हती. वाचवायची होती ती पोरगी, आणि तीसुद्धा तुमच्या हातून. न कळणं हा गुन्हा नाही. सगळ्याच डॉक्टरांना सगळं कळत नाही. पण पेठेत तुमच्या हातची 'किडनीची पोरं' आणखी होती. तीही बिनमिठाचं जेवत होती, त्यांचीही तोंडं गोल झाली होती. त्यांतली काही खरोखर आजारी असतील, काही गिरिजासारखी धडधाकट असतील. त्यांच्या आया दिवसभर विड्या वळायच्या. नळ्या मागून आणून तुमच्या टेबलावर ठेवायला त्या धजावल्या नसत्या. त्यांना तुमचा 'साकु' शेवटचा होता. तुमच्याबद्दल मला जी तिडीक आहे ती त्यांच्यासाठी आहे. माझं मी बघून घेतलं.

आणि आता जे लिहायचंय ते लिहिताना मला अजून राग येतो.

त्या नळ्यांनंतर थोड्याच दिवसांनी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. उजाडत होतं, तुमची घंटा चालू होती. खाली एक बाई आली आणि दवाखान्याच्या कट्ट्यावर कागदाची चिठ्ठी बांधलेली एक बाटली ठेवून निघाली. मी वरून विचारलं, "काय ठेवलंत?"

"पोराची लघवी हाय, बाई. डाक्टरांनी पहाटंची सांगितलीया. त्यो उठून पाय टाकायच्या आदी."

"पूजेच्या आधी इथे ठेवायची?"

"व्हय. कट्ट्यावर ठिवा म्हणले. मी बगतो म्हणले."

तिच्यामागे दुसरी आली. मग तिसरी. तुमच्या उंबऱ्याला लागून, तुमच्या घंटेच्या आवाजात, मुलांच्या बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. तुम्ही नियम बदलला होता. पेठेला सांगितलं होतं. घरात कुणाला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी तांब्या आपटून आत गेले. विडी वळणाऱ्या बाईला जे सांगता आलं ते जिना चढून माझ्यापाशी सांगता आलं नाही तुम्हाला!

त्या बाटल्यांमुळे कितीतरी पोरांचं मीठ सुटायचं राहिलं असेल. त्याबद्दल तुमचे आभार. मनापासून आहेत, पण चडफडत दिलेले आहेत.

शेवटी तुम्ही इस्पितळात होता तेव्हाचं राहिलं. तुमचंच प्रोटीन जायला लागलं होतं, म्हातारपण आणि साखर. मी डबा घेऊन आले होते. भर दुपारी नर्स बाटली घेऊन आली. तुम्ही तिच्यावर खेकसलात, "आत्ताची काय घेतेस? पहाटेची घे. झोपून उठल्याची."

ती म्हणाली, "आजोबा, मोठ्यांना चालते हो कधीची पण."

"तुला काय माहीत?" मग माझ्याकडे बोट केलंत. "तिला विचार. तिला माहिताय."

मी डब्याचं झाकण घट्ट लावत राहिले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला म्हणायचं होतं, एवढंच? इतक्या वर्षांनी, आणि तेही नर्सच्या मार्फत? मी बोलायच्या तयारीत होते, तुम्ही 'साकु' म्हणाल म्हणून वाट पाहत होते. तुम्ही म्हणाला नाहीत. तुमच्या-माझ्या भांडणातली ती एकच वेळ, जेव्हा मैदान मला मोकळं होतं. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. वाद अर्धाच राहिला. तुम्ही जिवंत असता तर मी तो जिंकला असता, म्हणून तुमच्यावर आणखी एक राग.

फलकवाले काल घरी आले होते. मजकूर आणला होता, सोनेरी अक्षरात. मी लाल पेनाने 'जीवदान' खोडलं. ते म्हणाले, "मग काय लिहायचं, बाई?" मी म्हटलं, 'मुलांची लघवी पहाटेची आणावी, कट्ट्यावर ठेवावी,' एवढं लिहा. त्यांना वाटलं, म्हातारीला दुःखाने भ्रम झालाय. लिहिणार नाहीत ते. नको लिहू देत.

अन्वी, ओम, तुमच्या आईच्या लघवीतलं प्रोटीन कॉलेज संपेपर्यंत आपोआप थांबलं. तिची दोन्ही मूत्रपिंडं चांगली आहेत आणि ती शेंगाचटणी खाते. दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टरबाई बसतात. तुमचे डॉक्टर आजोबा गेले त्या सकाळी शटर बंद होतं, तरी कट्ट्यावर बाटल्या होत्या. मी त्या रिक्षाने लॅबमध्ये पोचवल्या. आजही होत्या.